बिनघोड्याचं पिस्तूल

“मग बोट कुणाचं होतं, उस्ताद? का पिस्तुलाला भूतबाधा झाली होती?”

उस्तादांनी थर्मासमधला चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत बसले.

विचारणारे होते उपअधीक्षक समरजित वाबळे. एकेकाळी याच फायरिंग रेंजवर उस्तादांच्या शिव्या खात नेम धरायला शिकले, पुढे नेमबाजीची पदकं आणली आणि आता नव्या शस्त्रांचं काहीही निघालं की आधी त्यांचंच नाव निघतं.

उस्ताद म्हणजे दौलतखाँ मुलाणी, आमच्या पोलीस प्रशिक्षण केंद्राचे शस्त्रांचे मुख्य प्रशिक्षक. मी त्यांच्या हाताखाली शिकवायचो, म्हणून ही बैठक माझ्याही वाट्याला आली. वाबळेसाहेब समोरच्याचं ऐकून घेत नाहीत आणि उस्ताद सरळ उत्तर देत नाहीत. मधे बसणाऱ्याचं डोकं उठतं.

झालं होतं ते असं. वनिता कोळपे नावाची पोलीस शिपाई बंदोबस्त संपवून जीपमध्ये बसत होती. कमरेच्या होल्स्टरमध्ये नवं पिस्तूल होतं. बसता बसता ते वाजलं आणि गोळी तिच्याच मांडीतून गेली. हाड फुटलं. ती म्हणते, एका हातात जेवणाचा डबा होता, दुसरा जीपच्या दारावर होता, पिस्तुलाला मी हातसुद्धा लावला नाही.

तिला निलंबित केलं. तिचा निष्काळजीपणा ठरला तर नोकरी जाणार. पाय पूर्वीसारखा होणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं.

चौकशी वाबळेसाहेबांकडे होती. ही पिस्तुलं घ्यावीत अशी शिफारस करणारेही वाबळेसाहेबच. आता अशा माणसाकडेच चौकशी कुणी दिली, असं मला विचारू नका. आमच्याकडे असंच असतं.

अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. त्यात उस्तादांचं मत हवं होतं, आणि कुठलं मत हवं होतं हे साहेबांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

आमच्या रेंजच्या गेटापाशी वाळूने भरलेली एक मोठी पेटी आहे. हत्यार घेऊन कुणीही आत आलं की आधी पेटीकडे नळी करायची, गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, वरची स्लाइड मागे ओढायची आणि चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, रिकामं आहे हे दाखवायचं. चेंबरमध्ये राउंड, म्हणजे गोळी, असला तर तो टुणकन उडून वाळूवर पडतो. तो उचलायचा, पुसायचा, खिशात टाकायचा आणि मग पुढे यायचं. अधीक्षक आले तरी त्यांना हे चुकत नाही. उस्ताद मुद्दाम पेटीसमोरच्याच दगडी बाकावर बसतात.

वाबळेसाहेबांनीही आल्या आल्या ते सगळं केलं होतं. हात सराईत, खटाखट काम. मॅगझिन खिशात, पिस्तूल कमरेला, आणि साहेब उस्तादांच्या समोरच्या बाकावर पायावर पाय टाकून बसले होते.

“बोल की,” उस्ताद म्हणाले. “ऐकतोय.”

“काय बोलू? पिस्तूल तुम्ही पाहिलंय. आत एक नाही, तीन अडसर आहेत. ट्रिगर पूर्ण मागे आल्याशिवाय एकही हलत नाही. ट्रिगर आपला आपण मागे येत नाही. म्हणजे बोट आलंच. यात न कळण्यासारखं काय आहे?”

“काही न्हाई. कळलं.”

“मग तसं सांगा ना!”

“तुला कळलं, मला कळलं. पिस्तुलाला कळलंय का?”

साहेब ताडकन उठले. चार पावलं गेले, परत आले, परत बसले.

“उस्ताद, हे असलं नको. उद्या अहवाल द्यायचाय मला.”

“बरं, सरळ इचारतो. याला घोडा कुठाय?”

“घोडा?”

“जुन्या पिस्तुलाला मागं घोडा असायचा. उठलेला असला की लांबनं दिसायचा. हे कमरेला बघून काय कळतं?”

वाबळेसाहेबांनी कपाळाला हात लावला. पोलीस दलातल्या निम्म्या लोकांना त्यांनी हे समजावून सांगितलं असेल. आता आपल्या गुरूलाही सांगायचं म्हणजे कमालच.

“याचा घोडा आत आहे. त्याला स्ट्रायकर म्हणतात. जाड खिळ्यासारखा असतो, स्प्रिंगवर मागे धरून ठेवलेला. ट्रिगर दाबला की पुढे जातो आणि राउंडवर आदळतो. काम तेच, फक्त आतल्या आत.”

“म्हंजे भरून ठेवलं की स्प्रिंग ताणलेली.”

“ताणलेली, पण अडवलेली.”

“आन् कायम तशीच. पळताना, जेवताना, जीपमधी बसताना.”

“हो, कायम. जगभर असंच वापरतात.”

“बाहेरनं सेफ्टीचा खटका?”

“नाही. मुद्दाम नाही. ऐन वेळी खटका सरकवायचं राहून जातं आणि माणूस मरतो.”

“आन् हवं तवा वाजतं का?”

“वाजतं. धूळ गेली तर कधीमधी राउंड अडकतो. साफ ठेवलं की नाही अडकत.”

“म्हंजे नको तवा वाजतं आन् हवं तवा अडतं.”

“एकदा!” साहेबांचा आवाज चढला. “एकदाच वाजलंय, उस्ताद! एवढी पिस्तुलं दिली आपण, त्यातलं एक, एकदा! आणि जुनी काय सोवळ्यातली होती? जुन्या पिस्तुलांनी किती जणांचे पाय फोडले ते विसरलात?”

“इसरलो न्हाई. पण घोडा उठलेला दिसायचा. गाढवालासुदिक दिसायचा.”

मला हसू आलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते चहाबरोबर गिळलं.

साहेब पुन्हा उठले. या वेळी बोटं मोजत बोलू लागले. जणू समोर उस्ताद नाहीत, चौकशी समितीच बसली आहे.

“दहा पिस्तुलं घेतली, तिचंही घेतलं. डोक्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकली. रबरी हातोड्याने ठोकली, पोत्यात घालून हलवली. उन्हात तापवली. एकदाही वाजलं नाही. एकदाही! आता आणखी काय करायचं राहिलं ते तुम्हीच सांगा.”

“तिचं होल्स्टर?”

“दवाखान्यात कापून काढलं. मग कुणी तरी कचऱ्यात टाकलं.”

“झकास.”

“त्यात माझी काय चूक?”

“तुझी कुठं म्हनलो? आन् बसून कुणी बघितलं?”

“बसून म्हणजे?”

“ती बसत हुती तवा वाजलं. मग पिस्तूल कमरेला लावून कोण बसलं?”

वाबळेसाहेबांनी माझ्याकडे वळून, तुम्ही तरी यांना सांगा, असा चेहरा केला. मी काय सांगणार? मी थर्मासचं झाकण लावलं.

“शिकंज्यात धरून तपासलं, उस्ताद. माणसाच्या कमरेला भरलेलं पिस्तूल लावून, वाजतंय का बघ, असं कुणी तपासतं का?”

“न्हाई तपासत,” उस्ताद म्हणाले. “बरोबर हाय.”

हे असं असतं त्यांचं. वाद घालायला जावं तर पटकन मान्य करून मोकळे होतात आणि समोरच्याचा पाय हवेतच राहतो.

साहेब बाकावर बसले.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला वाटतं मी स्वतःला वाचवतोय.”

“मी काय बी म्हनलो न्हाई.”

“वाटत असेल, तर वाटू दे. पण हवालदार शेवाळे तुमच्याच हातचा होता ना? जुनं पिस्तूल होतं त्याच्याकडे, चेंबर रिकामं ठेवायची तेव्हाची पद्धत. स्लाइड ओढेपर्यंत कोयता मानेवर बसला. मी होतो तिथं. अर्धी ओढलेली स्लाइड होती त्याच्या हातात… म्हणून मी हुकूम काढला. ड्यूटीवर असताना चेंबरमध्ये राउंड पाहिजे म्हणजे पाहिजे. पुन्हा कुणी तसं मरू नये म्हणून. उद्या मी लिहिलं की पिस्तूल बेभरवशाचं आहे, तर सगळी जमा होतील. मग आणखी एक शेवाळे गेला तर त्याच्या बायकोला तोंड कोण दाखवणार? तुम्ही?”

उस्तादांनी बशी खाली ठेवली. शेवाळेचं नाव निघालं की ते नेहमी हातातलं काम थांबवतात.

“हुकूम चांगला हुता,” ते म्हणाले.

वाबळेसाहेबांना हे अपेक्षित नव्हतं.

“कोळपेला भेटलास?”

“भेटलो.”

“काय म्हनली?”

“काय म्हणणार? तेच. डबा हातात होता, दार हातात होतं.”

“आनखी?”

साहेब बुटाच्या टोकाने माती उकरत राहिले.

“म्हणाली… साहेब, तुमच्या हुकुमाप्रमाणं भरूनच ठेवलं होतं.”

“मग तू काय म्हनलास?”

“मी काय म्हणणार? बरी हो म्हणालो.”

उस्तादांनी एक दीर्घ श्वास सोडला. त्यांचा वैताग शेजारी बसलेल्या मला कळत होता, पण साहेबांना कळायचं नाव नाही. ते पुन्हा घड्याळ बघायला लागले होते.

“हे बघा उस्ताद, मला फार नको, एक ओळ हवी. यंत्रात दोष आढळला नाही. एवढंच. खोटं आहे का यात काही?”

“न्हाई, खोटं न्हाई.”

“मग द्या ना!”

“देतो. आधी एक सांग. मघाशी वाळूपाशी स्लाइड ओढलीस.”

“ओढली. तुमचाच नियम आहे.”

“राउंड कुठं पडला?”

वाबळेसाहेबांचा हात खिशातल्या मॅगझिनवर गेला.

मी वळून पेटीकडे पाहिलं. सकाळी मीच फळी फिरवून सारखी केलेली वाळू तशीच होती. तिच्यावर काही पडल्याची खूण नव्हती. आणि साहेबांनी वाकून काही उचललं नव्हतं, हेही मला तेव्हाच आठवलं. दोघांच्या भांडणाची धास्ती घेऊन बसलो होतो, डोळ्यांसमोरचं दिसलं नाही.

“चेंबर रिकामं होतं,” साहेब म्हणाले.

“हुकूम कुणाचा?”

“माझा. सांगितलं ना. पण तो ड्यूटीवरच्या लोकांसाठी आहे. मी ऑफिसमधून आलोय.”

“वर्दीत हाईस. कमरेला पिस्तूल हाय. सुट्टी काढून आलायस?”

“उस्ताद, प्लीज.”

“कवापासनं रिकामं ठेवतोस?”

“याचा इथं काय संबंध?”

“नसंल तर नको सांगू.”

आणि उस्ताद खरोखरच गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं त्यांच्या शिव्यांपेक्षा वाईट. मी दोन्ही खाल्लंय, म्हणून सांगतो.

“ती दवाखान्यात गेली…” साहेब अखेर म्हणाले, “तेव्हापासून. पण याचा अर्थ पिस्तूल वाईट आहे असा होत नाही! सवय झाली, बस्स. संध्याकाळी घरी जातो, पोरगी धावत येऊन कमरेला मिठी मारते. म्हणून.”

“बाकीच्यांना सांगितलंस? त्यांच्या बी घरी पोरं असतील.”

“हुकूम असा उठसूट बदलता येत नाही.”

“तुझ्यापुरता बदललास की.”

हे मात्र साहेबांना झोंबलं. ते एकदम उठले. चेहरा लालबुंद झाला होता.

“म्हणजे मी घाबरलोय? असंच ना? मी पिस्तुलाला घाबरलोय! भरू? भरून दाखवू तुम्हाला?”

“मला कशाला? तुझं पिस्तूल, तुझी कंबर.”

साहेब तरातरा वाळूच्या पेटीपाशी गेले. नळी वाळूकडे केली, खिशातलं मॅगझिन आत बसवलं. स्लाइड ओढली आणि सोडली. खटकन आवाज झाला. राउंड आत गेला. पिस्तूल त्यांनी होल्स्टरमध्ये घातलं. मघाशी याच माणसाने न बघता ते कमरेला लावलं होतं. आता मान खाली घालून, इंच इंच आत सरकवलं.

मग दोन्ही हात वर करून ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

“हे घ्या. भरलंय. ट्रिगरला बोट नाही. झालं काही?”

“न्हाई.”

“होणारही नाही.”

“न्हाई हुणार. बस आता. बोलून बोलून चहा गार झाला बघ.” उस्तादांनी मला खूण केली. “साह्यबांना दुसरा वत.”

मी थर्मास उघडून चहा ओतला आणि कप पुढे केला.

वाबळेसाहेबांनी कप घेतला. बाकापाशी गेले. वळले. गुडघे जरासे वाकले… आणि पुन्हा ताठ झाले.

“बस की,” उस्ताद म्हणाले.

“हो. बसतो.”

पण ते बसले नाहीत.

त्यांचा उजवा हात पिस्तूल सावरायला कमरेकडे गेला आणि मधेच थांबला. सावरावं तर पिस्तुलाजवळ हात आला. न सावरावं तर ते मांडीशी कसं टेकेल ते दिसत नाही. तीन अडसरांची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. तरी हात तसाच हवेत राहिला.

“आज सकाळपासून बसूनच आहे,” साहेब म्हणाले. “उभ्यानेच बरं.”

उस्तादांनी मान हलवली. स्वतःचा कप उचलला आणि आपल्याच बाकावर साहेबांच्या डाव्या अंगाकडे थोडे सरकून बसले. पिस्तूल साहेबांच्या उजव्या कमरेला होतं. साहेबांनी ते सरकणं पाहिलं.

मीही सरकलो. खोटं कशाला सांगू, उस्तादांच्या आधीच सरकलो होतो.

वाबळेसाहेब चहा पीत होते. पाय फाकलेले, पाठ ताठ, संचलनाला उभं राहावं तसे. रेंजवर ऊन फारसं नव्हतं, पण त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पलीकडे नव्या तुकडीच्या मुली गवतावर बसून रायफली पुसत होत्या. हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांच्याही कमरेला हेच पिस्तूल येणार होतं आणि हुकुमाप्रमाणे भरलेलं असणार होतं. साहेब कपावरून त्यांच्याकडेच बघत होते.

मला वाटलं, आता तरी उस्ताद काही बोलतील. एवढं समोर आलंय, दोन शब्दांत सांगून टाकलं तर काय बिघडेल? छे. बशीत चहा ओतला आणि फुंकर सुरू.

कप रिकामा झाला तरी साहेब तो हातात धरूनच उभे होते…

शेवटी तो त्यांनी माझ्याकडे दिला. पेटीपाशी गेले. मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली.

या वेळी राउंड उडाला आणि वाळूत रुतून बसला. साहेब वाकले, तो उचलला, अंगठ्याने वाळू पुसली. मुठीत धरून थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग परत आले आणि बाकावर धपकन बसले. मघासारखा पायावर पाय नव्हता.

“उस्ताद,” ते म्हणाले. आवाजातला तोरा गेला होता, नुसता थकवा उरला होता. “ते का वाजलं, तुम्हाला माहीत आहे?”

“न्हाई.”

“खरंच नाही?”

“खरंच न्हाई. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं त्यातलं.”

“मलाही माहीत नाही. सगळं करून पाहिलं, हाताला काहीच लागलं नाही… बोट नव्हतं असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. दोष आहे म्हणावं तर सापडत नाही. नाही म्हणावं तर…”

त्यांनी मूठ उघडून राउंडकडे बघितलं आणि पुन्हा मिटली.

“वनिताची नोकरी त्या अहवालावर आहे. सांगा ना उस्ताद, आता तरी सरळ सांगा. काय लिहू मी त्यात?”

उस्तादांनी रिकामी बशी कपाखाली ठेवली आणि उठले.

“आत्ता चहा उभ्यानं का प्यालास, त्ये लिही.”